टांझानियात मिशनरी म्हणून चाललोय. रोजचं जगणं आणि नाताळ कसा असतो तिकडे?

गड्डीगोदामची सून

सर्वांना सलाम.

मिस्टर लॅब टेक्निशियन आहेत, मी शाळेत शिकवते. चर्चमार्फत त्यांना टांझानियात, मोशी गावाजवळच्या एका मिशन हॉस्पिटलात बोलावणं आलंय. करार तीन वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये निघायचं, म्हणजे पहिला नाताळ तिकडेच होणार. मुलगी नऊ वर्षांची आहे.

घरात दोन पार्ट्या पडल्या आहेत. सासरे खूश, चर्चमध्ये सगळ्यांना सांगून झालं. सासूबाईंचं वेगळंच. "मिशनरी गोरे असतात, ते आपल्याकडे येतात. आपण काहून जाऊन राहिलो तिकडे?" यावर काय उत्तर द्यायचं ते मला खरंच सुचलेलं नाही.

माझे प्रश्न घरगुती आहेत. रोज काय खायचं, उपासना कोणत्या भाषेत, भाजीवालीशी बोलायचं कसं. आणि नाताळ. आमच्याकडे नागपुरात डिसेंबर लागला की करंज्या, अनारसे, शेव, चिवडा. शेवटच्या आठवड्यात घरभर तळणाचा वास, दारात स्टार, रात्री कॅरोलवाल्यांसाठी चहाचं पातेलं चुलीवर तयार. तिकडे यातलं काय असतं? इंटरनेटवर शोधलं की सिंह आणि जिराफच समोर येतात. प्रत्यक्ष राहून आलेलं कोणी असेल तर सांगा.

हिस्लॉपचा जुना विद्यार्थी

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, बाकीचं माहितगार देतील.

गोरे येतात हे खरं, पण ते कोणता नाताळ घेऊन आले तेही सांगा त्यांना. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडून. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोक नाताळ पाळतच नसत. बायबलमध्ये त्याची आज्ञा नाही, म्हणून नाही. 1640 मध्ये त्यांच्या संसदेने नाताळची सुटी रद्दच करून टाकली, आणि 25 डिसेंबर तिथे सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो थेट 1958 मध्ये! तोपर्यंत आपलं हिस्लॉप कॉलेज (1883) पंचाहत्तर वर्षांचं झालं होतं. त्यांचा मोठा सण म्हणजे 31 डिसेंबरची रात्र. तेव्हा करंज्या आणि अनारसे काही स्कॉटलंडहून आले नाहीत. ते आपल्या आज्यांनी शेजारच्या दिवाळीतून उचलले, आणि चांगलं केलं.

हिस्लॉप माणूस मात्र भारी. उपदेश करायचे, शाळा चालवायचे आणि मधल्या वेळात नागपूरभोवतीचे दगड आणि जीवाश्म गोळा करायचे. एका खनिजाला त्यांचं नाव आहे, हिस्लोपाइट. गोंडांची लिंगोची, म्हणजे त्यांच्या पुराणपुरुषाची, गाणी त्यांनी टिपून ठेवली म्हणून आपल्याला वाचायला मिळतात; ती छापली गेली 1866 मध्ये, ते गेल्यानंतर. टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परत येताना 4 सप्टेंबर 1863 ला नाल्याच्या पुरात बुडून गेले.

आणि आता उलटा प्रवासही सुरू आहे म्हणावं. एसएफएसचे, म्हणजे सेंट फ्रान्सिस डी सेल्स या कॅथलिक संघाचे, फादर एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधल्या आन्सीहून इकडे आले. आज त्याच संघाचे भारतीय फादर टांझानिया, केनिया, युगांडात काम करतात. सासूबाईंना म्हणा, तुमचा मुलगा काही पहिला नाही.

सिस्टर (निवृत्त), मोहननगर

सूनबाई, सलाम. मी नर्सिंग ट्यूटर होते. मोशीच्या वर, डोंगराच्या अंगावरच्या एका मिशन हॉस्पिटलच्या नर्सिंग स्कूलमध्ये बरीच वर्षं काढली. आता गुडघे धरून मोहननगरात बसली आहे. लांब लिहीन, चहा घेऊन बस.

पहिले डोक्यातून एक चित्र काढून टाक. तू तिथे कोणाला प्रभूचं नाव पहिल्यांदा सांगायला चाललेली नाहीस. लाइपझिग मिशनचे जर्मन किलिमांजारोवर 1893 मध्येच पोचले. आज चर्च तिथल्या लोकांचं, बिशप त्यांचे, पाळक त्यांचे, हॉस्पिटलची कमिटी त्यांची. तिथे राहण्याच्या आपल्या परवान्यावर सी वर्ग आणि पुढे मिशनरी असं लिहिलेलं असतं, त्याला फार फुगायचं नाही. तिथली आजीबाई तुझ्याहून जास्त गाणी पाठ म्हणते. तुम्ही हाताखालचे पाहुणे. हे ज्याला पहिल्या महिन्यात समजलं तो सुखात राहतो. ज्याला नाही समजलं तो तीन वर्षं कुरकुरतो. असे गोरे पाहिले, आपले दक्षिणेकडचेही पाहिले.

भाषा स्वाहिली. उपासना, बाजार, वॉर्ड, सगळं स्वाहिलीत. इंग्रजीवर ऑफिस चालेल, शेजार नाही चालणार. पोरगी तुमच्या आधी शिकेल, तिला दुभाषी करून घ्या. नमस्काराला घाई करायची नाही. वयाने मोठं कोणी दिसलं की "शिकामो" म्हणायचं, समोरून "मराहाबा" येईल. मग घरचे कसे, कामाचं कसं, सकाळ कशी गेली, हे सगळं झाल्यावर टोमॅटोचा भाव विचारायचा. थेट भाव विचारणारी बाई तिथे उद्धट समजतात.

घड्याळ समजून घे, नाहीतर पहिल्याच रविवारी घोळ होईल. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. "उपासना तीन वाजता" म्हटलं की सकाळी नऊला हजर. विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य बाराही महिने जवळपास एकाच वेळेला उगवतो, म्हणून हे जमतं त्यांना.

खाणं. उगाली म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत राजमा नाहीतर पालेभाजी. पालेभाजी बहुतेक वेळा आपला राजगिराच असतो. डोंगरावर केळं हेच अन्न. कच्ची केळी मटणात शिजवतात, चांगली लागतात. दूध-आल्याचा चहा, चपाती, सांबुसा म्हणजे समोसा, हे सगळं तिथे आहेच, गुजराती व्यापाऱ्यांच्या पिढ्या गेल्यात त्या किनाऱ्यावर. ऑटोरिक्षाला बजाजी म्हणतात; आपण बजाजांच्या वर्ध्याचे शेजारी म्हणून उगाच कॉलर ताठ करायची. तूर भरपूर पिकते, पण बाजारात बहुतेक अख्खी मिळते. डाळ हवी तर गावातल्या इंडियन दुकानात. संत्री सालीने हिरवी असतात. कच्ची समजून सोडू नको, थंडी पडत नाही म्हणून रंग येत नाही. चवीला ठीक, आपली नाहीत.

सकाळी हॉस्पिटलात कामाआधी प्रार्थना. शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळे उभे राहून चार आवाजांत गातात, पुस्तकाशिवाय. चाली जर्मन, पण त्यावर त्यांनी आपला ठेका बसवला आहे. रविवारी तीन-तीन कॉयर, प्रत्येकाचे एकसारखे कपडे, आणि प्रत्येकाला आपलं गाणं म्हणायचंच असतं. त्यामुळे जेवणाची घाई करायची नाही. उपासना झाल्यावर खरी गंमत बाहेर. ज्यांच्याकडे पैसे नाहीत ते दानात अंडी, कोंबडी, केळीचा घड, ऊस आणतात. त्याचा चर्चच्या अंगणात लिलाव होतो. कोणी अंडी घेतो आणि पाळकबाईंना देऊन टाकतो, कोणी घेतलेलं परत लिलावात टाकतो. हसणं, चिडवणं, बोली लावणं. चर्चचा हिशोब तिथे सगळ्यांसमोर होतो, हे मला आपल्याकडच्यापेक्षा बरं वाटायचं. (आता यावरून कोणी भांडू नका.)

आता नाताळ. बसली आहेस ना?

चागा लोक म्हणजे किलिमांजारोचे मूळ रहिवासी. धंद्यात पुढे, दार एस सलाममध्ये दुकानं, नोकऱ्या. वर्षभर डोंगरावर म्हातारे, नातवंडं आणि केळीच्या बागा. डिसेंबरच्या मध्यावर ते सगळे घरी यायला निघतात. दिवाळीला पुण्याहून नागपूरला येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं जे होतं तेच तिथल्या बसेसचं होतं, भाड्यासकट. ज्या पायवाटेवर नोव्हेंबरमध्ये बकरी दिसायची नाही तिथे गाड्यांची रांग. शाळांचं वर्षच डिसेंबरला संपतं, म्हणून पोरंही मोकळी. बंद घरांची दारं उघडतात, झाडलोट होते, कबरींवरचं गवत काढतात. हो, कबरी घराच्याच बागेत असतात.

तेव्हा त्यांचा नाताळ म्हणजे घरी येणं. आणि तुझ्या घरी कोणीच येणार नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण करंजी नसल्याचं दुःख नाही होत, या गोष्टीचं होतं. शेजारच्या प्रत्येक अंगणात वीस माणसं आणि आपल्या घरात आपण. परदेशी लोक यावर उपाय म्हणून कंपाउंडमध्ये आपला आपला नाताळ करतात. जर्मन बाईंकडे मेणबत्त्यांचं चक्र, कोणाच्या तरी डब्यातला मायदेशचा केक, आणि खिडकीबाहेर तीस डिग्री ऊन. मीही त्या जेवणांना जायची, माणसं चांगली होती. पण नऊ वाजता सगळे घड्याळ बघायचे आणि आपापल्या देशात फोन लावायचे. मला ते जेवण नाही, वेटिंग रूम वाटायची.

मग मी चोवीस तारखेला सकाळीच शेजारच्या मामांकडे जाऊन बसायला लागले. मामा म्हणजे तिथे आई, कोणत्याही लेकुरवाळ्या बाईला म्हणतात. बोलावणं यायची वाट नाही पाहिली. पाट ओढला आणि कांदे कापायला घेतले. पुलावाचा कांदा, बरं का. नाताळाला पुलाव लागतोच: जिरं, मिरे, दालचिनी, लवंग, वेलची अख्खी, मांस आणि भात. आणि चपाती. तुला हसू येईल, पण तिथे चपाती रोजची नाही, सणाची. गव्हाचं पीठ महाग, लाटायला वेळ लागतो. पदर सोडवून, तेल लावून, गुंडाळी करून पुन्हा लाटतात. मी आपल्या सरावाने भराभर लाटायला लागले तर बाया काम सोडून बघत बसल्या. डोंगरावर माझी पत त्या दिवशी वाढली. ट्यूटर म्हणून नव्हती तेवढी.

पुरुष बकरा कापतात. कोणता तुकडा कोणाचा हे नात्यावर ठरलेलं: बापाचा वेगळा, काकाचा वेगळा, लेकी-जावयांचा वेगळा. त्यात लुडबुड नको, दिलं ते घ्यायचं. केळं आणि नाचणीची म्बेगे नावाची दारू असते, एकच भांडं फिरवतात. नको असेल तर सरळ सोडा माग, कोणी वाईट मानत नाही. सोड्याची थंड बाटली पाहुण्यासमोर झाकण न काढता ठेवतात आणि तुझ्यासमोर उघडतात.

चर्चमध्ये चोवीसच्या संध्याकाळी पोरांचं नाटक, चादरी गुंडाळलेले मेंढपाळ. हे नागपुरासारखंच, गॅब्रिएल देवदूत वाक्य विसरतो तेही तसंच. पंचवीसला मोठी उपासना. सगळे नवे कपडे घालून. शहरातून आलेल्यांचे जोडे आणि गावातल्यांचे जोडे लगेच ओळखू येतात. सव्वीसलाही सुटी असते. आमच्या मंडळीत बाप्तिस्मे बहुतेक तेव्हाच व्हायचे, कारण आजी-आजोबा, काका-मामा सगळे एकत्र असतात ते तेवढेच दिवस. स्टार फार कोणी टांगत नाही. कॅरोलवाले घरोघर फिरताना मी तरी पाहिले नाहीत. ते मनाची तयारी करून जा.

एकतीस तारखेची रात्रभर उपासना मात्र आपल्यासारखीच. तिला म्केशा म्हणतात. बाराला ढोल, शिट्ट्या, आणि बायांचा तो तोंडाने काढलेला आवाज. वर हिस्लॉपचे विद्यार्थी म्हणतात ना, स्कॉट लोकांचा सण 31 डिसेंबर. तेवढ्यापुरता स्कॉटलंड, नागपूर आणि मोशी एक.

आणि जानेवारी. हे कोणी सांगत नाही म्हणून मी सांगते. शाळा जानेवारीत सुरू होतात, शाळेचा खर्च तेव्हाच येतो. सणात सगळ्यांचे पैसे संपलेले. दहा तारखेपर्यंत तुझ्या दारात माणसं येतील: वॉर्डबॉय, मोलकरीण, कॉयरमधली पोरगी. मिशनरी म्हणजे मागे कोणीतरी पैसेवाली संस्था आहे असं ते धरून चालतात, आणि गोऱ्यांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरंही असतं. आपला पगार त्यांच्या क्लार्कएवढा, हे त्यांना पटत नाही. नवरा-बायकोने डिसेंबरमध्येच ठरवून ठेवा किती आणि कोणाला, आणि शक्यतो चर्चच्या हातून द्या. तोंडावर नाही म्हणणं फार जड जातं, खास करून ज्याच्या घरी आठ दिवसांपूर्वी पुलाव खाल्ला त्याला.

कळमन्याचा डाळवाला

मी ख्रिस्ती नाही, पण सिस्टरची तुरीची गोष्ट वाचून राहवलं नाही. कळमना मार्केटमध्ये "अरुशा" म्हणून जी आयातीची तूर येते ती त्याच भागातली. मोशीच्या शेजारचं अरुशा. आपली नवी तूर यायच्या आधी ती बाजारात उतरते आणि आमचे भाव पाडते. तेव्हा ताई, तिकडे जाऊन तुरीसाठी रडू नका, आम्ही तिच्यासाठी इकडे रडतो.

बाकी आमच्या गल्लीत नाताळाचा डबा एका घरून येतो. दिवाळीला आम्ही देतो तोच डबा भरून परत येतो. चकली त्यांची जास्त खुसखुशीत असते, हे बायकोसमोर बोलता येत नाही.

गड्डीगोदामची सून

सिस्टर, मी हे सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. कबरी बागेत असतात म्हटल्यावर त्या "अगं बाई" म्हणाल्या, आणि चपाती ऐकून म्हणाल्या, "मग पोळपाट घेऊन जाय." म्हणजे वातावरण जरा निवळलं आहे.

तीन गोष्टी विचारते. एक, फराळ करून नेता येईल का, की तिकडेच करायचा? दोन, चर्चला साडी चालते का? तीन, पोरीचा नाताळ. तिला कॅरोल फार आवडते, ताशा वाजवते ती.

सिस्टर (निवृत्त), मोहननगर

पोळपाट नको, वजन होतं. लाटणं ने. तिथली लाटणी मला कधी हातात बसली नाहीत.

फराळ ऑक्टोबरमध्ये नेलास तर डिसेंबरपर्यंत उरेल का? नवराच संपवेल. आणि पिशव्यांचं लक्षात ठेव: टांझानियात प्लास्टिक कॅरीबॅगवर 1 जून 2019 पासून बंदी आहे, बाहेरून येणाऱ्यालाही. विमानतळावर काढून घेतात. जे न्यायचं ते डब्यात आणि कापडी पिशवीत. मी तिथेच करायची, सव्वीसला. पंचवीस त्यांचा, सव्वीस माझा. ओलं खोबरं भरपूर, साखर आहे, वेलची तर झांझिबारहून स्वस्त येते. बारीक रवा मिळेलच असं नाही, तो ने. खव्याच्या नादी लागू नको. करंजीला तिथे कोणी नवल मानत नाही, त्यांच्याकडे तळलेलं गोड असतंच. पण मुरड घालायला लागलीस की पोरी घोळका करून बसतात. अनारसे मी कधी केले नाहीत, त्या हवेत पीठ नीट वाळेल याची खात्री नव्हती.

साडी चालते म्हणजे काय, वाट पाहतात. एरवी बाया किटेंगे नेसतात, छापील कापड. कॉयरमध्ये घेतलं तर त्यांच्या कापडाचा ड्रेस शिवावा लागेल, आनंदाने शिव. पण नाताळाला एक जरीची ने. आणि पिना जास्त ने, अर्ध्या पोरींना नेसवून पाहायची असते.

पोरीचं. ताशा तिथे नाही, ढोल आहेत, आणि मोठी माणसं ते पोरांच्या हातात देतात. संडे स्कूलच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेव की ही वाजवते. कॅरोल हवीच असेल तर हॉस्पिटलच्या वॉर्डांमधून फिरवा, चोवीसच्या रात्री नर्सिंगच्या मुली येतील सोबत. मराठीत एक, स्वाहिलीत दोन. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनाला मंजिरी घेऊन जा, चाल सोपी असली की त्या मुली दुसऱ्या कडव्याला तिसरा आवाज लावतात. भारत अडीच तास पुढे आहे, म्हणजे आपल्याकडची मध्यरात्रीची उपासना तिथे रात्री साडेनऊला सुरू होते. त्या वेळेला सासूबाईंचा फोन येईल हे धरून वॉर्डाचा राउंड लवकर उरका.

हिस्लॉपचा जुना विद्यार्थी

वेलदोड्यापेक्षा लवंग, सिस्टर. झांझिबार लवंगेचं.

सिस्टर (निवृत्त), मोहननगर

दोन्ही मिळते, सर. मी विकत घेत होते, तुम्ही वाचलं आहे.

सूनबाई, बारीक रवा दोन किलो, लाटणं आणि पिना इथून ने; मच्छरदाणी तिथेच घे. मिस्टरांना सांग, डिग्रीच्या कागदांच्या साक्षांकित प्रती चार जास्त करून ठेवा, परवान्याच्या ऑफिसला त्या आवडतात. बाकी निरोपात फोन नंबर टाक, रविवारी उपासनेनंतर बोलू. आपल्या घड्याळाने.